यादीतली माणसं : प्राध्यापकांची पार्श्वभूमी कशी वाचायची?

आपल्या मंडळातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींना सध्या एकच प्रश्न विचारला जातो : पुढे काय? साहित्य शिकणाऱ्यांपैकी बरेच जण बी.एड.चं नाव घेतात. मीही घेते. आमच्या घरी यंदा प्रश्न दुप्पट आहे, कारण धाकट्या बहिणीची बारावी झाली आणि तिला फिजिओथेरपीला जायचंय. पप्पा सियागंजात एका मसाल्याच्या पेढीवर हिशेब पाहतात. दोन मुलींच्या फिया एकाच पगारातून जाणार, त्यामुळे कॉलेज निवडताना चूक परवडणारी नाही.

दोघींनी मिळून बरीच माहितीपत्रकं जमवली. इमारत, हॉस्टेल, बस, फी हे सगळं सगळेच पाहतात. प्रत्येक माहितीपत्रकात आणखी एक पान असतं : ‘आमचा अध्यापकवर्ग’. फोटो, नाव, नावापुढे अक्षरांची एक रांग. हे पान बहुतेक जण नुसतं चाळतात. मला मात्र वाटतं की सगळ्यात जास्त माहिती त्याच पानावर असते, फक्त ती वाचता यायला हवी. सियागंजात पोत्यावरचा मार्का बघून कोणी सौदा करत नाही. परखी पोत्यात खुपसून मधला माल बाहेर काढतात, हातावर घेतात, वास घेतात, मग भाव बोलतात. प्राध्यापकांच्या यादीला अशी परखी कशी लावायची, ते या लेखात सांगते. उदाहरणं दोन विभागांची घेतली आहेत, फिजिओथेरपी आणि शिक्षणशास्त्र. पहिल्या विभागात माणसाचं शरीर पुन्हा चालतं करायला शिकवतात आणि दुसऱ्यात शिकवायलाच शिकवतात. दोन्हीकडे शिक्षकाने ते काम स्वतः केलेलं असणं फार महत्त्वाचं ठरतं.

फिजिओथेरपी : अक्षरांमागे काय असतं

फिजिओथेरपीला मराठीत भौतिकोपचार असा शब्द आहे, पण बोलताना आपण फिजिओथेरपीच म्हणतो. पहिली पदवी बी.पी.टी. आजवर हा कोर्स सहा महिन्यांची इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांचा होता. २०२५मध्ये आलेल्या नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात तो वर्षभराच्या इंटर्नशिपसह पाच वर्षांचा केला आहे. त्यानंतर दोन वर्षांची एम.पी.टी., आणि तिच्यात एक खास शाखा निवडावी लागते : हाडं-सांधे-स्नायू, मज्जासंस्था, हृदय व श्वसन, खेळाडूंच्या दुखापती, लहान मुलं वगैरे. पुढे पीएच.डी.

म्हणजे यादीत नुसतं ‘एम.पी.टी.’ वाचून थांबायचं नाही, कंसातली शाखा पाहायची. ज्या विभागात सगळेच प्राध्यापक हाडं-सांध्यांचे आहेत, तिथे पक्षाघाताच्या रुग्णाला पलंगावरून खुर्चीत कसं आणायचं, हे कोण शिकवणार? पुस्तकात ती कृती चार ओळींची असते. प्रत्यक्षात आपला एक गुडघा रुग्णाच्या अधू गुडघ्याला टेकवून ठेवावा लागतो, हात कुठे धरायचा ते कळावं लागतं आणि त्याचा तोल कधी जाणार ते आधीच ओळखावं लागतं. ज्याने हे शेकडो वेळा केलंय तोच शिकवू शकतो.

यादीत काही नावं वेगळ्या क्षेत्रातली दिसतील. शरीररचना, शरीरक्रिया आणि विकृतिशास्त्र शिकवणारे पुष्कळदा वैद्यकीय पार्श्वभूमीचे असतात. हालचालींच्या यांत्रिकीला आणि विद्युतोपचाराला भौतिकशास्त्राचा पाया लागतो. अशी सरमिसळ असणं चांगलंच. तिच्याबरोबर विभागाला जोडलेलं रुग्णालय कोणतं आणि प्राध्यापक तिथल्या ओ.पी.डी.त बसतात की फक्त वर्गात, हेही विचारायचं. इंदूरात एम.वाय.च्या आवारात सकाळी गेलात, तर रुग्णालय आणि शिक्षण एकमेकांत किती मिसळलेलं असतं ते डोळ्यांनी दिसतं.

नावाआधीच्या ‘डॉ.’चा घोटाळा समजून घ्या. या यादीत त्याचे तीन अर्थ असू शकतात : एम.बी.बी.एस. झालेले डॉक्टर, पीएच.डी. झालेले प्राध्यापक, किंवा फिजिओथेरपिस्ट म्हणून ‘डॉ.’ लावणारे. शेवटच्या प्रकारावर वाद चालू आहे. सप्टेंबर २०२५मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टांनी ‘डॉ.’ लावू नये असं पत्र काढलं आणि लगेच ते मागेही घेतलं. त्या वादात आपण पडायला नको. नावाआधीचं अक्षर सोडून नावानंतरची अक्षरं वाचायची, एवढं पुरे.

शिक्षणशास्त्र : दोन पायांवरचा माणूस

बी.एड. शिकवणाऱ्याकडे साधारणपणे दोन प्रकारच्या पदव्या लागतात. एक स्वतःच्या विषयातली, म्हणजे मराठी, गणित, इतिहास यांतली पदव्युत्तर पदवी, आणि दुसरी शिक्षणशास्त्रातली, बहुधा एम.एड. विषय येतो पण शिकवण्याचं शास्त्र येत नाही, किंवा शास्त्र येतं पण विषयच कच्चा, असं होऊ नये म्हणून ही जोडी.

बी.एड.वर देखरेख राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषद करते, जिला सगळे एन.सी.टी.ई. म्हणतात. तिचा कायदा १९९३चा. २०१४च्या नियमांनंतर, म्हणजे २०१५पासून, बी.एड. दोन वर्षांचं झालं. त्या नियमांत दरवर्षी शंभर, म्हणजे दोन्ही वर्षांचे मिळून दोनशे विद्यार्थी असलेल्या कॉलेजला १६ पूर्णवेळ अध्यापक सांगितले आहेत : १ प्राचार्य, शिक्षणाच्या तात्त्विक, मानसशास्त्रीय आणि सामाजिक बाजूंसाठी ४, विषयांच्या अध्यापनपद्धतींसाठी ८, आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण, चित्रकला, संगीत-नृत्य-नाट्य यांसाठी प्रत्येकी १. हा हिशेब लक्षात ठेवा आणि यादीतली डोकी मोजा. चित्रकलेचा किंवा नाटकाचा माणूसच नसेल तर का नाही, असं विचारायचा आपल्याला हक्क आहे. मराठी घेऊन बी.एड. करणाऱ्याने भाषेची अध्यापनपद्धती कोण शिकवतं तेही पाहावं. भाषांसाठी एकच व्यक्ती असेल आणि तिची पदवी हिंदीची किंवा इंग्रजीची असेल, तर आपल्या मराठीच्या पाठांवर टिपण कोण देणार?

नियमांत पदव्या स्पष्ट लिहिलेल्या असतात. या माणसाने आठवीच्या गोंगाटात प्रत्यक्ष किती वर्षं शिकवलंय, हे मात्र बहुधा आपल्यालाच शोधून काढावं लागतं. बी.एड.मध्ये निदान २० आठवडे शाळेत जाऊन काम करायचं असतं, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. त्या दिवसांत वर्ग हाताबाहेर गेला की कोणाकडे जायचं? ज्यांनी स्वतः कधी शाळेत शिकवलं नाही ते आपल्याला ग्रंथाचं नाव सांगतील. ज्यांनी दहा वर्षं शाळेत काढली ते विचारतील, ‘मागच्या बाकावर कोण बसतं?’ मला दोन्ही प्रकारचे शिक्षक हवेत, पण दुसऱ्या प्रकारचा एकही नसेल असं कॉलेज नको.

पहिले शिक्षक कुठून आले?

आता जरा मागे जाऊ. या विषयांना विद्यापीठात जागा मिळाली, तेव्हा शिकवणाऱ्यांकडे त्या विषयाची पदवी कुठून असणार? पदवीच नव्हती. मग ते होते कोण?

स्टॉकहोममध्ये १८१३ साली पेर हेन्रिक लिंग यांनी व्यायाम शिकवणारी संस्था काढली. उपचारासाठी व्यायाम ही कल्पना तिथे पद्धतशीरपणे रुजली. लिंग धर्मशास्त्र शिकलेले आणि तलवारबाजीचे शिक्षक होते. इंग्लंडमध्ये १८९४ साली चार परिचारिकांनी मालीश करणाऱ्या प्रशिक्षित स्त्रियांची संघटना उभारली, कारण मालिशीच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांपासून त्यांना आपला पेशा वेगळा करायचा होता. आज तिथली फिजिओथेरपिस्टांची मुख्य संस्था तिच्यातूनच वाढली आहे. पोलिओच्या काळात ऑस्ट्रेलियाच्या एलिझाबेथ केनी यांनी हातपाय साच्यात बांधून ठेवण्याच्या रूढ पद्धतीला विरोध केला. त्या गरम कपड्यांचा शेक देत आणि स्नायूंना हालचाल शिकवत. त्यांच्याकडे परिचारिकेची रीतसर पदवीही नव्हती.

आपल्याकडे सुरुवात मुंबईत झाली, तीही पोलिओमुळेच. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला केंद्र सरकार, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने के.ई.एम. रुग्णालयात फिजिओथेरपीची शाळा निघाली. १९५५ साली भारतीय फिजिओथेरपिस्टांची संघटना स्थापन झाली, आणि हाजी अलीजवळची पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्थाही त्याच वर्षीची.

दक्षिणेत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. डॉ. मेरी वर्गीस तिथे तरुण सर्जन होत्या. १९५४मध्ये गाडीच्या अपघातात पाठीचा कणा दुखावला आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं. तरी चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. पुढे परदेशी जाऊन पुनर्वसनाचं शिक्षण घेतलं, परत येऊन वेल्लोरचा तो विभाग सांभाळला, आणि १९६६मध्ये तिथली पुनर्वसन संस्था सुरू झाली. त्यांचं नाव आजच्या एखाद्या यादीत असतं तर पदव्यांची रांग दिसली असती. रुग्ण होऊन पलंगावर काढलेले महिने कुठल्या रकान्यात लिहिले असते?

शिक्षणाकडे वळलं तर आपल्याला पहिलं नाव माहीतच आहे. सावित्रीबाई फुले यांचं शिक्षण लग्नानंतर घरीच जोतिरावांकडे सुरू झालं. जोतिराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. नगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्याला मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये सावित्रीबाईंनी शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलं, असं चरित्रकार सांगतात. आपण त्यांचं धैर्य आठवतो, पण त्या प्रशिक्षित शिक्षिका होत्या हे विसरून जातो. बालशिक्षणातले गिजुभाई बधेका मुळात वकील. त्यांच्याबरोबर भावनगरला काम करणाऱ्या ताराबाई मोडक राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदावरून तिकडे गेल्या होत्या. ताराबाईंबरोबर १९४५पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला राहिलेल्या अनुताई वाघ प्राथमिक शाळांत शिकवून आलेल्या. त्यांची बी.ए.ची पदवी तर पन्नाशीच्या सुमाराला पूर्ण झाली. ज्या कामासाठी आज बी.एड.ची मुलं त्यांचं नाव पाठ करतात, त्याची सुरुवात त्या पदवीच्या कितीतरी आधी झालेली होती.

मग पदव्या कशाला?

इथे कोणी म्हणेल, मग डिग्र्यांना काही अर्थच नाही. तसं नाही. सुरुवात करणाऱ्यांना पदवी नव्हती, कारण ती देणारं कोणी नव्हतं. आज देणारे आहेत आणि गल्लीबोळात ‘फिजिओ’ची पाटी लावून मान मोडणारेही आहेत. २०२१ साली सहयोगी आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला आणि फिजिओथेरपी त्यात आली. त्याआधी महाराष्ट्र, दिल्ली अशा काही राज्यांच्या आपापल्या परिषदा होत्या, पण सगळ्या देशाला लागू होणारा असा कायदा नव्हता. पदवी म्हणजे निदान एवढी हमी, की या माणसाने शरीररचना शिकली आहे आणि कुणीतरी त्याची परीक्षा घेतली आहे. त्या लंडनच्या चार परिचारिकांनाही हीच हमी हवी होती.

म्हणून माझं म्हणणं असं : पदवी हा उंबरठा आहे, तो ओलांडलेलाच हवा. पण माणूस कळतो तो दोन पदव्यांच्या मधल्या वर्षांतून. बी.पी.टी. आणि एम.पी.टी.च्या मध्ये पाच वर्षं एखाद्या जिल्हा रुग्णालयात काढली, किंवा बी.एड. आणि एम.एड.च्या मध्ये झाबुआच्या शाळेत शिकवलं, तर ती वर्षं माझ्या दृष्टीने फार मोलाची.

‘पार्श्वभूमी’ म्हणजे आडनाव नव्हे

हा शब्द आपल्या घरांत जरा वेगळ्या अर्थाने वापरला जातो. ‘बॅकग्राउंड काय आहे?’ असं कुणी विचारलं की पुष्कळदा गाव, आडनाव, जात, धर्मच विचारलेला असतो. आम्हा कॅथलिकांतही ‘कुठल्या पॅरिशचे?’ हा प्रश्न लगेच येतो. आमचं मूळ वसईचं, त्यामुळे इंदूरात आम्हाला तो दोनदा विचारतात. ख्रिस्ती संस्थेचं कॉलेज म्हटल्यावर सगळे शिक्षक ख्रिस्तीच असणार, असं बाहेरच्यांना वाटतं. आत आल्यावर कळतं की तसं काही नसतं.

यादी वाचताना आपणही नकळत आडनावांवरून नजर फिरवतो. ती सवय मोडायला हवी. सावित्रीबाईंना शिकवणाऱ्या मिशनरी बायका परदेशी होत्या आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या फातिमा शेख मुसलमान. आडनावं पाहून शाळा निवडली असती, तर भिडे वाड्यात १८४८ साली एकही मुलगी आली नसती.

एक गोष्ट मात्र विचारण्यासारखी आहे : भाषा. इंदूरच्या रुग्णालयांत धार, झाबुआ, खरगोनहून माणसं येतात. कुणी माळवी बोलतं, कुणी निमाडी, कुणी भिली. ‘श्वास धरा, आता सोडा’ हे रुग्णाला कळलं नाही तर उपचारच होत नाही. शाळेतही तेच. घरी एक भाषा आणि पुस्तकात दुसरी असलेलं मूल गप्प बसलं, तर ते मंद आहे असा समज व्हायला वेळ लागत नाही. ज्या शिक्षकाला दोन-तीन बोली कळतात त्याची ही पात्रता कुठल्याच यादीत छापत नाहीत. साहित्य मंडळाच्या लोकांनी तरी ती विचारावी.

ज्यांचे फोटो नसतात

एन.सी.टी.ई.च्या नियमांत अध्यापकांनंतर आणखी एक यादी आहे : ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहायक, कार्यालय व हिशेब सहायक, संगणक चालवणारा सहायक, भांडारपाल, तांत्रिक सहायक, आणि दोन मदतनीस. माहितीपत्रकात यांना जागा क्वचित मिळते. माझी मावशी एका कॉलेजात लॅब अटेंडंट आहे. कुठली यंत्रं खरंच चालतात, कुठली फक्त तपासणीच्या दिवशी पुसून ठेवतात आणि कुठले सर वेळेवर येतात, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नसतं. फिजिओथेरपीच्या विभागात मेणाचं भांडं योग्य तापमानाला ठेवणारा, समांतर दांड्यांपर्यंत रुग्णाला चाकाच्या खुर्चीतून आणणारा आणि त्याच्या मुलाला दिलासा देणारा माणूस हा मदतनीसच असतो. विद्यार्थी त्याच्याकडून बरंच शिकतात, फक्त त्याचं नाव गुणपत्रिकेवर येत नाही.

विचारायचे प्रश्न

मी आणि बहिणीने वहीत पाच रकाने आखले आहेत. तुम्हालाही चालतील.

१. विषय जुळतो का? जो विषय शिकवतात त्यातच पदव्युत्तर शिक्षण आहे का?

२. मधली वर्षं कुठे गेली? रुग्णालयात, शाळेत, की एका वर्गातून थेट दुसऱ्या वर्गात?

३. सगळे एकाच कॉलेजातून शिकून तिथेच लागले आहेत का? एखाददुसरा असणं चांगलं, पण सगळेच असतील तर बाहेरचं वारं आत येत नाही.

४. किती जण टिकले? एन.सी.टी.ई.च्या २०१४च्या नियमांप्रमाणे संस्थेने आपल्या संकेतस्थळावर अध्यापक-कर्मचाऱ्यांची नावं, पात्रता, वेतनश्रेणी आणि फोटो तर द्यायचेच, शिवाय मागच्या तिमाहीत कोण आलं आणि कोण सोडून गेलं तेही द्यायचं. हा रकाना आधी उघडा. दर तिमाहीला माणसं जात असतील तर कारण शोधा.

५. यादीतली माणसं खरंच तिथे भेटतात का? प्रवेशाआधी एकदा सकाळी ओ.पी.डी.त किंवा सराव पाठाच्या दिवशी शाळेत जाऊन बघा. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारा. ते खरं सांगतात, कारण त्यांना आता कुणाची भीती नसते.

बहिणीने या रकान्यांवरून दोन कॉलेजांची नावं खोडली आहेत. त्यातल्या एकाची इमारत सगळ्यात सुंदर होती. पप्पांनी वही पाहिली आणि वेतनश्रेणीच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, ‘शिकवणाऱ्याला पगार वेळेवर मिळतो का, हे सुद्धा लिही.’ तो सहावा रकाना झाला.

मंडळापुढे एक सूचना ठेवते. पुढच्या अंकापासून आपल्याच कॉलेजातल्या एकेका माणसाची ओळख छापू या : या नोकरीआधी ते काय करत होते, कोणाकडून शिकले, कुठली भाषा घरी बोलतात. पहिली मुलाखत ग्रंथालयातल्या मदतनीस काकांची घ्यायला मी तयार आहे.